वॉर्डात ‘कोणीतरी’ नावाचं कोणी नसतं

नवीन मुली मला विचारतात, “ताई, तुम्हाला टेन्शनच नाही येत का?” येतं ना. मॉनिटर वाजला की आजही पोटात गोळा येतो. नागपुरात नर्सिंग करून २२ वर्षं झाली, त्यातली ९ इन्चार्ज सिस्टर म्हणून. तो गोळा आवाजात उतरू नये याची तयारी मात्र मी आधीच करून ठेवते. ही तयारी कोणालाही शिकता येते, मग हाताखाली नर्स असोत, कारकून असोत की कारखान्यातले ऑपरेटर.

इन्चार्ज झाल्यावरचा पहिलाच मे महिना. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, उन्हाचे पेशंट एकामागून एक येत होते. दुपारी एका आजोबांचं बीपी एकदम खाली गेलं. मी ओरडले, “अरे, कोणीतरी ऑक्सिजन आणा! कोणीतरी डॉक्टरांना बोलवा!” दोघी सिलिंडरकडे धावल्या. डॉक्टरांना फोन एकीनेही लावला नाही. वॉर्डातले मामा दारातच उभे, कारण त्यांना नेमकं काम कोणी सांगितलंच नव्हतं. आजोबा वाचले, पण फोन उशिरा गेला, आणि त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. हात पुरेसे होते, मुली हुशार होत्या. माझं सांगणंच चुकलं होतं.

तेव्हापासून ‘कोणीतरी’ हा शब्द मी सोडला. ज्याला काम सांगायचं त्याच्याकडे बघायचं, हाक मारायची, एकच काम सांगायचं आणि ते त्याच्या तोंडून परत ऐकायचं. “मामा, सिलिंडर बेड सातला.” “सिलिंडर बेड सातला, आणतो.” परत ऐकणं पहिले काही दिवस विचित्र वाटतं, मोठ्या माणसांना तर अपमानासारखं वाटतं. म्हणून शांत दिवशी सगळ्यांना कारण सांगून ठेवा: मलाही सांगितलेलं मी परत म्हणून दाखवीन. आणि मग खरंच दाखवा. इन्चार्जने स्वतः पाळलं नाही तर आठवड्यात ही सवय बंद पडते.

हाक मारायला नाव माहीत हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी आणली. चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं आहे याची खात्री करा, असा एक मुद्दा त्यात आहे. एकदा नाव सांगून बोललेला माणूस पुढे काही चुकतंय असं दिसलं तर तोंड उघडतो, हे मी वॉर्डातही पाहिलंय. त्यामुळे माझ्या पाळीत सफाईच्या मावशींपासून नव्या विद्यार्थिनीपर्यंत सगळे सुरुवातीला नाव सांगतात. दोन मिनिटं लागतात.

आता आवाजाचं. बोलण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, घेतला त्यापेक्षा हळू. लांब उच्छ्वासाने हृदयाची धडधड थोडी उतरते आणि पहिलं वाक्य चिरकत नाही. मी त्याच वेळी बेडच्या कठड्यावर हात ठेवते. हात टेकला की खांदे खाली येतात. नातेवाइकांना मॉनिटरवरचे आकडे कळत नाहीत, ते तुमचा चेहरा वाचतात.

पण नुसत्या श्वासाने भागत नाही. माझा निम्मा धीर क्रॅश कार्टमधून, म्हणजे तातडीची औषधं आणि उपकरणं ठेवलेल्या ट्रॉलीतून येतो. पाळी घेतल्यावर पहिल्या १० मिनिटांत मी स्वतः बघते: लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, अँबू बॅगचा (हाताने श्वास द्यायच्या पिशवीचा) मास्क जागेवर आहे का, घशातला स्राव ओढणारं सक्शन चालतं का, अॅड्रेनॅलिन इंजेक्शनची मुदतीची तारीख, सिलिंडरमधला दाब. मग छातीवर दाब कोण देणार, दोन मिनिटांनी त्याला कोण बदलणार आणि फोन कोण करणार, हे सकाळीच ठरवायचं. तुमच्या कामात क्रॅश कार्ट नसेल, पण सर्व्हर बंद पडला किंवा मोठा ग्राहक भडकला तर काय लागेल, याची यादी नक्की करता येते.

वरिष्ठांना फोन करताना अनेकींची जीभ अडखळते. आम्ही चार टप्पे धरतो: आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, मला काय हवंय. ही पद्धत अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यांत आली. चौथा टप्पा गाळू नका. “सर, बीपी कमी झालंय” एवढंच म्हटलं तर सर “बरं, लक्ष ठेवा” म्हणतात. “सर, तुम्ही पाच मिनिटांत यावं” म्हटलं की ते येतात.

चूक झाली तर पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर रागवायचं नाही. आधी पेशंट सांभाळायचा, मग औषधांच्या खोलीत दार लावून त्या मुलीला विचारायचं, “काय झालं, सांग बरं?” “काहून असं केलंस?” म्हटलं की ती बचावाला लागते आणि खरी अडचण लपते. एकदा असंच नीट ऐकलं तेव्हा कळलं, की सारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनच्या कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मुलगी तीच राहिली, आम्ही कप्पा बदलला.

उत्तर येत नसेल तर “मला माहीत नाही, विचारून १० मिनिटांत सांगते” म्हणा आणि १० मिनिटांत सांगा. उत्तर मिळालं नसलं तरी जाऊन “अजून विचारतेय” एवढं सांगा. आयसीयूबाहेर बाकावर बसलेल्या माणसासाठी ती १० मिनिटं फार मोठी असतात.