छंद निवडताना त्यातलं रटाळ काम आधी बघा

आपली खरी आवड आधी ओळखा, मग पुढचं आपोआप होतं, असा सल्ला नवा छंद शोधणाऱ्याला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. आवड आत कुठेतरी तयार होऊन बसलेली असते असं एकदा मनाशी धरलं, की पहिली अडचण आल्याबरोबर माणूस म्हणतो, 'छे, हे माझं नव्हेच,' आणि सोडून देतो. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हेच दिसलं. लोकांना आधी कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली, मग त्याच विषयावरचा किचकट लेख वाचायला दिला. आवड ही ठरलेलीच असते असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त ओसरला. आवड हळूहळू घडते, आणि ती घडते हात चालवल्याने.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मला नुसता वेळ घालवायचा नव्हता, आपला कुणाला तरी उपयोग आहे हे जाणवायला हवं होतं. मी जलरंग करून पाहिले, आकाशनिरीक्षण केलं आणि शेवटी पुस्तकबांधणीत रमले. या फिरस्तीत एक कसोटी हाताला लागली. छंदाचा देखणा भाग सगळ्यांनाच आवडतो, त्यावरून काही ठरवू नका. त्यातलं सगळ्यात रटाळ काम कोणतं ते शोधा आणि ते करताना तुम्हाला कसं वाटतं ते बघा.

हे घरबसल्या कळत नाही. तो छंद बरीच वर्षं करणाऱ्या कुणाला तरी गाठा आणि 'काय मजा येते?' असं न विचारता 'तुमचा निम्मा वेळ कशात जातो?' असं विचारा. लाकूडकाम करणारा सांगेल, पटाशीला धार लावण्यात आणि पॉलिश पेपर घासण्यात. छायाचित्रं काढणारा सांगेल, ढीगभर फोटोंतून चार निवडण्यात. बागकाम करणारी सांगेल, तण उपटण्यात. जे ऐकून 'हे मला चालेल' असं वाटेल, तिथून सुरुवात करा.

जलरंगात रंगाचा हात दिल्यावर तो सुकेपर्यंत थांबावं लागतं. कागद ओला असताना दुसरा रंग लावला तर तो पसरतो, कड राहत नाही. ते थांबणं मला जड जायचं. हात शिवशिवायचे. चित्रं वाईट होत नव्हती, पण मधला वेळ माझा नव्हता. आकाशनिरीक्षणातलं थांबणं मात्र मला फार आवडलं. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात एकदाही पांढरा उजेड डोळ्यांवर पडू द्यायचा नसतो, फार तर मंद लाल. त्यानंतर आधी कोऱ्या वाटलेल्या पट्ट्यात तारे दिसू लागतात. ७ x ५० ची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर रुंद भिंगांची, साधी दोन डोळ्यांची दुर्बीण कशाला तरी टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदललेल्या असतात. पण रात्रीची जागरणं माझ्या तब्येतीला मानवेनात, म्हणून तो छंद मी अधूनमधूनच ठेवला. शरीराला काय झेपतं हाही निवडीचाच भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही.

रटाळ कामाबद्दल मी एवढं का बोलते, त्याचं उत्तम उदाहरण आकाशातलंच आहे. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. दुर्बिणी तो हौसेने करायचा आणि त्यांचे धातूचे आरसे हाताने घासायचा. एकदा त्याने सलग १६ तास आरशावरून हात काढला नाही, आणि अशा वेळी त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. १७८१ साली स्वतः केलेल्या दुर्बिणीतून त्याला युरेनस सापडला. पुढे कॅरोलाइननेही धूमकेतू शोधले. ग्रह सापडला तो क्षण आपल्याला ठाऊक असतो, पण हर्शेलचा छंद खरा होता तो त्या घासण्यात.

आता पुस्तकबांधणी. इथलं रटाळ काम म्हणजे घड्या घालणं. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की सोळा पानांचा एक जुज होतो, आणि वहीला असे बरेच जुज लागतात. पण घडी घालण्याआधी कागदाची दिशा बघावी लागते. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. कागद हलकेच वाकवून तळव्याने दाबून बघा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने तो सहज वाकेल, त्या घडीला समांतर तंतू आहेत. पुस्तकाचा कणा याच दिशेने यायला हवा. उलटं झालं तर घडी खरबरीत होते, आणि ओल लागल्यावर कागद तंतूंच्या आडव्या अंगाने जास्त फुगत असल्यामुळे पानं कण्यापाशी लहरी धरतात. मग पट्टीने घडी दाबायची, दाभणाने घडीवर भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं आणि एकेक जुज आधीच्याला शिवत जायचं. घड्या घालताना माझं मन इतकं शांत होतं की चहा निवून जातो. हिशेबाचे रकाने जुळवण्याची सवय इथे उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं. तुमच्या जुन्या कामातली अशी एखादी सवय असेलच, तिला कुठे जागा मिळते ते बघा.

वेळेचं म्हणाल तर एकवीस दिवसांत सवय लागते या समजुतीवर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात रोजची छोटी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक होता तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडतही नव्हतं. साधनं आधी उसनी घ्या. रोज तीच जागा, तीच वेळ ठेवा, आणि सामान आवरून कपाटात टाकू नका, दिसेल असं ठेवा.

काम जरा बरं होऊ लागलं की लोक म्हणतात, विकायला लाग. इतक्यात नको. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र द्यायचं आधीच कबूल केलं आणि दिलंही. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. मोबदल्याचा विचार आवड घट्ट होण्याआधी मध्ये आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग आपला उपयोग कळतो कुठे? मला तो एका वहीत कळला. ओळखीतली एक मुलगी तिच्या आजोबांच्या हस्ताक्षरातली वही घेऊन आली. कणा फुटला होता, मधला जुज सुटून हातात येत होता, आणि कुणीतरी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून अक्षरांवर डाग उमटला होता. वही परत नेताना तिने ती उभ्याउभ्याच उघडून वाचायला घेतली. त्या दिवसापासून मी नव्या वह्या कमी करते आणि जुन्या जास्त दुरुस्त करते. आवड माझ्यापुरती होती तोवर छानच होती, पण दुसऱ्याची गरज तिला जोडली गेली आणि मला माझं काम सापडलं. तेव्हा छंद जरा हातात बसला की विचारत राहा, हे कुणाला हवं आहे? बागवाल्याला रोपं मागणारं कुणी असतं, गाणाऱ्याला सोबत हवी असणारं कुणी असतं.

मात्र दुसऱ्याची जिवाभावाची वस्तू हाती घेण्याआधी तेच काम स्वतःच्या टाकाऊ पुस्तकांवर पुरेसं करून बघा. काम घेताना वस्तूचे आहे त्या स्थितीतले फोटो काढा, किती दिवस लागतील ते सांगा आणि जे जमणार नाही त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. आणि जे पुढे कुणाला सोडवता येईल असंच साहित्य वापरा. गव्हाच्या स्टार्चची खळ पाण्याने पुन्हा सुटते, चिकटपट्टीचा डाग सुटत नाही.