'सतत उठतो' म्हणजे नक्की किती?

चौथीच्या बाईंची तक्रार एकच होती, "हा सतत उठतो." मी विशेष शिक्षिका. असं काही ऐकलं की आधी वर्गात मागे जाऊन बसते आणि चौकटी भरते. चौकटींची वही, पेन्सिल आणि व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल, एवढंच लागतं. (आवाज ठेवू नका. एकदा ठेवला, तर अख्खा वर्ग माझ्याकडे वळला.)

आधी व्याख्या लिहा. 'मस्ती करतो' याची नोंद होत नाही; 'बूड बाकावरून सुटलं' याची होते.

मग १५ मिनिटांचे २०-२० सेकंदांचे तुकडे पाडा. ४५ चौकटी होतात. आता खूण कधी करायची? इथेच घोळ होतो. समजा, पोरगा १८व्या सेकंदाला उठला, ४२व्याला बसला. मिनिटातले २४ सेकंद, म्हणजे ४० टक्के. 'एकदा जरी उठला तरी खूण' असं ठरवलंत, तर तिन्ही चौकटी भरल्या, १०० टक्के! हे पार्शल इंटरव्हल. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४ सालीच अशा नोंदीवर बोट ठेवलं होतं. 'चौकटभर उभा असेल तरच' म्हटलंत, तर फक्त मधली, ३३ टक्के. पहिल्यात मूल आहे त्याहून वांड दिसतं, दुसऱ्यात शहाणं.

मी मोमेंटरी वापरते. दर २० सेकंदांनी मोबाइल थरथरला की मान वर, त्या क्षणी दिसलं तेवढंच लिहायचं. वरच्या मिनिटात तीनपैकी दोन, ६७ टक्के, हेही चुकलंच. पण ४५ चौकटींत ही चूक बरीचशी भरून निघते. चिमटे काढणं, ओरडणं मात्र यात निसटतं. त्यासाठी दर वेळी एक रेघ मारून मोजा.

पहिल्या दोन दिवसांची पानं मी धरत नाही. नवीन बाई दिसल्या की सगळेच साळसूद.

एक दिवस शेजारी दुसऱ्या कुणाला बसवा. एकमेकींच्या कागदात डोकवायचं नाही. नंतर चौकटी ताडून बघा. ४५पैकी ३६ जुळल्या तर ८० टक्के. त्याखाली मी माझाही कागद मानत नाही. आमच्या ३१च जुळल्या. पोरगा बाकावर पाय दुमडून बसायचा: टाचा बाकावर, बूड टाचांवर, मान फळ्याकडे ताणलेली. मी 'उठला' लिहिलं, शेजारी बसलेल्या बाईंनी 'बसला'. व्याख्येत एक ओळ वाढवली, 'टाचांवर असला तरी बसलेलाच'. आणि समासात लिहून ठेवलं, 'डोळे तपासून घ्यायला सांगणे'.