केर्न्स ते सिडनी : पाठीवरची सॅक, बस आणि हॉस्टेलचा मुक्काम

ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा सॅक पाठीवर टाकून पाहणाऱ्या बहुतेकांचा मार्ग केर्न्स ते सिडनी असाच असतो आणि रस्त्याने तो सुमारे अडीच हजार किलोमीटरचा आहे. हा प्रवास कोणत्या टोकापासून सुरू करावा, हे नकाशा नव्हे तर महिना पाहून ठरवावे. केर्न्स ज्यात येते ते उत्तर क्वीन्सलँड उष्ण कटिबंधात मोडत असल्यामुळे तिथे नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो, तर मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे आणि ऊबदार असतात. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी लागते आणि पाठोपाठ पावसाळा सुरू होतो, नेमका त्याच काळात केर्न्सचा हंगाम उत्तम असतो. सिडनीत मात्र तेव्हा स्वेटर लागतो. म्हणून जून-जुलैमध्ये जाणाऱ्यांनी आपले बरेचसे दिवस उत्तरेत खर्च करावेत आणि सप्टेंबरमध्ये निघणाऱ्यांनी केर्न्सपासून सुरुवात करून हवा तापेल तसतसे दक्षिणेकडे सरकावे.

भारतीय पारपत्रधारकांसाठी नेहमीचा मार्ग म्हणजे ६०० क्रमांकाचा पर्यटक व्हिसा. त्यावर काम करता येत नाही आणि हॉस्टेलमध्ये साफसफाई करून त्याबदली फुकट बेड घेणे हेही कामातच धरले जाऊ शकते, त्यामुळे अशा सवलतीच्या मोहात पडू नये. काम करत फिरायचे असेल, तर १८ ते ३० या वयोगटातील भारतीयांसाठी २०२४ पासून ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला झाला आहे. परंतु त्याच्या वर्षाला १,००० जागा असून अर्ज करण्याची संधी सोडतीतून मिळते.

सॅक दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नये, कारण हॉस्टेलच्या जिन्यावरून ती आपल्यालाच चढवायची असते. तीन चपट्या पिनांचा ऑस्ट्रेलियन अडॅप्टर, लॉकरसाठी स्वतःचे छोटे कुलूप, डोळ्यांवरची पट्टी आणि कानात घालायचे बोळे एवढे मात्र विसरू नये. स्लीपिंग बॅग घरीच ठेवलेली बरी, कारण ढेकणांच्या भीतीने अनेक हॉस्टेलांत ती खोलीत वापरू देत नाहीत आणि चादर-उशी तिथेच मिळते. खाण्याच्या वस्तूंबाबत ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम अत्यंत कडक आहेत. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ नेऊच नयेत. मसाले नेल्यास ते कारखान्यात बंद केलेल्या पाकिटात असावेत आणि विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रिकेवर खाद्यपदार्थांपुढे न चुकता ‘होय’ लिहावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी मात्र मोठा दंड बसू शकतो.

थांबे निवडताना पहिली कात्री आपल्या हौसेलाच लावावी लागते. तीन आठवडे हाताशी असतील, तर सहा-सात ठिकाणांपलीकडे जाऊ नये. नाहीतर निम्मी सुट्टी बसच्या खिडकीतून बघण्यात जाते. केर्न्सहून ग्रेट बॅरियर रीफची बोट घ्यावी, टाउन्सव्हिलहून फेरीने मॅग्नेटिक आयलंड गाठून तिथल्या पायवाटेवर कोआला शोधावेत, एअर्ली बीचवरून व्हिट्संडे बेटांमधून शिडाच्या बोटीने दोन रात्री फिरावे आणि त्यानंतर रात्रीच्या बसने दक्षिणेकडे लांब मजल मारावी. जगातले सर्वांत मोठे वाळूचे बेट, म्हणजे पूर्वीचे फ्रेझर आयलंड, २०२३ पासून तिथल्या बुचुल्ला या आदिवासी लोकांच्या मूळ नावाने अधिकृतपणे ‘गारी’ म्हणून ओळखले जाते. तिथे रेनबो बीच किंवा नूसा येथून गटाने जीपमधून जाता येते. बेटावर डिंगो ही रानकुत्री मोकळी फिरत असतात. त्यांना खाऊ घालणे गुन्हा आहे आणि एकट्याने भटकणे धोक्याचे आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये प्रवास असेल तर हर्वी बे येथे हंपबॅक व्हेल पाहण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. बायरन बे येथील १९०१ सालचा दीपस्तंभ मुख्य भूमीच्या अतिपूर्वेकडील टोकावर आहे; सूर्योदयाला तिथे गर्दी असते, तरी पहाटे उठून जावेच.

या मार्गावर ग्रेहाउंड कंपनीची बस चालते आणि ठरावीक दिवसांसाठी कितीही प्रवास करता येईल असा तिचा पास मिळतो. चारपेक्षा जास्त टप्पे असतील तर सुट्या तिकिटांची बेरीज करून दोन्हींची तुलना अवश्य करावी. क्वीन्सलँड सरकारने ऑगस्ट २०२४ पासून सार्वजनिक वाहतुकीचे भाडे सरसकट ५० सेंट केले असल्याने ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि सनशाइन कोस्ट या पट्ट्यात मात्र ग्रेहाउंडच्या तिकिटावर मुळीच खर्च करू नये, स्थानिक रेल्वे आणि बसनेच फिरावे. ब्रिस्बेन विमानतळाची रेल्वे या सवलतीत येत नाही.

हॉस्टेलमध्ये चार ते दहा जणांच्या सामायिक खोलीतील बंक बेडला रात्रीचे साधारण ४० ते ६० ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात आणि नाताळच्या सुट्टीत हा आकडा बराच वर चढतो. बुकिंग करताना किमतीआधी तीन गोष्टी वाचाव्यात : स्वयंपाकघर किती मोठे आहे, स्वागतकक्ष किती वाजता बंद होतो आणि तळमजल्यावर बार आहे का. शांत झोप हवी असेल तर वायएचए या युथ हॉस्टेल संघटनेची हॉस्टेले सहसा बरी. तरुणांची धमाल हवी असेल तर बारवालीच निवडावीत, पण मग रात्री दोनला गाणी वाजतात म्हणून तक्रार करू नये. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी केवळ स्त्रियांची खोली बहुतेक ठिकाणी असते. खोलीत शिरल्यावर सॅक बेडवर न टाकता आधी गादीच्या शिवणी उचलून पाहाव्यात. ढेकणांचे काळे बारीक ठिपके दिसले तर लगेच खाली जाऊन दुसरी खोली मागावी.

खर्च खऱ्या अर्थाने वाचतो तो स्वयंपाकघरात. फ्रिजमध्ये ठेवायच्या पिशवीवर आपले नाव आणि निघण्याची तारीख लिहावी लागते; नाव नसलेली पिशवी साफसफाईच्या दिवशी कचऱ्यात जाते. शेजारच्या फुकट फडताळात इतरांनी मागे ठेवलेला तांदूळ, पास्ता, मीठ, कधी अर्धी तेलाची बाटली असते, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तिथे डोकावावे. कुकर नसतो आणि विजेच्या शेगडीवर तूरडाळ शिजता शिजत नाही, म्हणून मसूर किंवा मूगडाळ घ्यावी आणि संध्याकाळी सातच्या झुंबडीआधीच खिचडी उतरवून मोकळे व्हावे. मराठी माणसाने एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे : मोहरी तडतडण्याआधी एक्झॉस्ट पंखा चालू करावा आणि मिरचीची खमंग फोडणी टाळावी. धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत रस्त्यावर येते, अग्निशमन दल दारात उभे राहते आणि त्याचा खर्च पाहुण्याकडून वसूल करण्याचा नियम अनेक हॉस्टेलांत असतो.

समुद्राच्या बाबतीत कोकणातला अनुभव इथे पुरत नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच उतरावे, कारण जीवरक्षकांचे लक्ष तेवढ्याच भागावर असते. प्रवाहाने आत ओढले तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, तरंगत राहून हात वर करावा. उत्तरेत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे पूर्ण अंग झाकणारा स्टिंगर सूट घालावा लागतो. किनाऱ्यावरच्या खांबाला अडकवलेली व्हिनेगरची बाटली दंशावर ओतण्यासाठीच असते. ओतल्यावर लगेच ००० या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. मगरींच्या सूचनेचा फलक दिसला तर खाडीकाठी फोटोसाठीसुद्धा रेंगाळू नये. केर्न्स शहराच्या काठावर वाळू नाही, चिखल आहे. पोहण्यासाठी एस्प्लनेडवरचा खाऱ्या पाण्याचा तलाव विनामूल्य उपलब्ध आहे.

ऑक्टोबर ते एप्रिल सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सची घड्याळे क्वीन्सलँडच्या एक तास पुढे असतात, तेव्हा सीमा ओलांडणाऱ्या बसची वेळ कोणत्या राज्याची आहे हे तिकिटावर पाहून घ्यावे. सिडनीत प्रवासासाठी वेगळे कार्ड काढण्याची गरज नाही, संपर्करहित बँक कार्ड रेल्वे, बस आणि फेरी या तिन्हींवर चालते. परतीच्या दिवशी विमानतळाच्या रेल्वे स्थानकावर भाड्याशिवाय वेगळा भरमसाट अधिभार पडतो. तो वाचवायचा असेल तर अलीकडच्या मॅस्कॉट स्थानकावर उतरून विमानतळाकडे जाणारी ४२० क्रमांकाची बस पकडावी, तिच्या आकड्यावर जाऊ नये.