दोन राउटर वायरशिवाय कसे जोडायचे (इंटरनेट पण शेअर आणि लोकल नेटवर्क पण)

एका खोलीत वायफाय फुल आणि दुसऱ्या टोकाला रेंजच नाही, आणि जुना राउटर नुसता पडून आहे, तर वायर न ओढता तोच कामाला लावता येतो. फक्त आधी हे ठरवा की नुसतं इंटरनेट पाहिजे की दोन्हीकडची डिव्हाइसेस एकमेकांना दिसायला पण पाहिजेत, म्हणजे इकडच्या लॅपटॉपवरून तिकडच्या प्रिंटरला प्रिंट द्यायची, पीसीवरचं फोल्डर टीव्हीवर उघडायचं वगैरे. हे न ठरवता लोक सेटिंगमध्ये घुसतात आणि मग नेट चालतं पण प्रिंटर सापडत नाही.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये साधारण तीन नावं दिसतील: डब्ल्यूआयएसपी, रिपीटर (किंवा रेंज एक्स्टेंडर) आणि डब्ल्यूडीएस ब्रिज. डब्ल्यूआयएसपी घेऊ नका, त्यात दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो, नेट मिळतं पण पहिल्या राउटरवरची डिव्हाइसेस दुसऱ्यावरच्यांपर्यंत पोचत नाहीत आणि प्रिंटर, टीव्ही आपोआप दिसत नाहीत. रिपीटर मोड असेल तर तोच घ्या, बहुतेक गोष्टी तो स्वतःच सेट करतो. तो नसेल तर डब्ल्यूडीएस, म्हणजे दोन राउटर वायरलेसने एकाच नेटवर्कमध्ये जोडणारा मोड; दुसऱ्या राउटरची खालची सेटिंग त्यासाठीच आहे. डब्ल्यूडीएसचा घोळ एवढाच की प्रत्येक कंपनीने ते आपापल्या पद्धतीने केलंय त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर जुळतीलच असं नाही, एकाच कंपनीचे असतील तर काम सोपं.

आता मेन राउटर. त्याचा अॅड्रेस (ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पेज उघडतं तो) 192.168.1.1 आहे असं धरू. तिथे चॅनल ऑटोवर असेल तर काढून फिक्स करा, 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 किंवा 11 पैकी जो कमी गर्दीचा असेल तो, आणि 5 गिगाहर्ट्झवर 36 ते 48 मधला, कारण त्याच्या वरच्या 52 ते 144 मधल्या बऱ्याच चॅनलवर राउटरला रडार दिसलं की चॅनल सोडावा लागतो आणि मग लिंक तुटते. सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए3 ठेवली असेल तर जुना राउटर कनेक्टच होणार नाही, डब्ल्यूपीए2 किंवा मिक्स्ड ठेवा. मॅक फिल्टर (ठराविक डिव्हाइसेसनाच जोडू देणारी यादी) चालू असेल तर दुसऱ्या राउटरचा मॅक, म्हणजे त्याचा हार्डवेअर नंबर, त्यात टाका.

दुसरा राउटर रिसेट करून लॅन केबलने पीसीला जोडा, केबल लॅन पोर्टमध्येच लावा, वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची केबल लागते तो) या सगळ्या कामात रिकामाच राहणार आहे. पहिलं काम लॅन आयपी, म्हणजे या राउटरचा स्वतःचा अॅड्रेस, बदलणं, 192.168.1.2 द्या. मेन राउटरची डीएचसीपी (डिव्हाइसेसना आपोआप अॅड्रेस वाटणारी सोय) रेंज 192.168.1.2 पासूनच सुरू होत असेल तर ती 192.168.1.10 पासून करा, नाहीतर हाच अॅड्रेस तो एखाद्या मोबाइलला देऊन टाकेल. सेव्ह केल्यावर पेज अडकल्यासारखं होईल, घाबरू नका, केबल काढून परत लावा आणि नव्या अॅड्रेसवर लॉगिन करा.

मग वायरलेसमध्ये जाऊन डब्ल्यूडीएस चालू करा, सर्व्हे किंवा स्कॅन मारा, मेन राउटरचं नाव निवडा, चॅनल तोच ठेवा, पासवर्ड तोच टाका. स्टेटसमध्ये कनेक्टेड किंवा रन दिसलं की मगच दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी बंद करा. हा क्रम पाळाच, कारण डीएचसीपी आधी बंद केला आणि लिंक लागली नाही तर पीसीला आयपी द्यायला कुणीच उरत नाही, 169.254 ने सुरू होणारा अॅड्रेस येतो आणि राउटरचं पेजच उघडत नाही. असं झालंच तर पीसीला हाताने 192.168.1.50 आणि मास्क 255.255.255.0 द्या, पेज परत उघडेल.

चेक करायला दुसऱ्या राउटरला जोडलेल्या विंडोज पीसीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig (आयपीकॉन्फिग) मारा, डिफॉल्ट गेटवे 192.168.1.1 दिसला पाहिजे. 192.168.1.2 दिसला तर दुसऱ्याचा डीएचसीपी अजून चालू आहे.

राउटर ठेवायचा कुठे, इथे खूप जण चुकतात. जिथे रेंजच नाही तिथे ठेवून काही उपयोग नाही, त्याला स्वतःलाच चांगला सिग्नल मिळायला हवा, म्हणून साधारण मधोमध ठेवा, मोबाइलच्या वायफाय सिग्नल मोजणाऱ्या अॅपमध्ये त्या जागी -65 डीबीएम किंवा त्याहून चांगलं दिसलं पाहिजे (-60 चांगलं, -80 वाईट). स्पीडचं पण आधीच सांगतो, एकाच बँडवर घेणं आणि पुढे देणं दोन्ही चाललं की स्पीड साधारण अर्धा होतो. ड्युअल बँड असेल तर राउटरमधली लिंक 5 वर आणि मोबाइल 2.4 वर ठेवा. टीव्ही, पीसी दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने लावले तर तो अर्धा होण्याचा त्रास त्यांना होत नाही, हे माझ्या मते या सेटअपचं सगळ्यात भारी काम.

आणि एक, वायरलेस लिंक चालू असताना दोन्ही राउटरमध्ये लॅन केबल पण लावू नका, लूप होतो आणि सगळं नेटवर्क जाम होतं. मेनचा वायफाय पासवर्ड बदललात तर दुसऱ्यात पण लगेच बदला.