गेम झटके मारतोय, स्क्रीन फाटतेय? या चुका टाळा

“एफपीएस तर १२० दाखवतोय, मग गेम अडखळतो कसा?” (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार होतात तो आकडा.) लोकांचे पीसी जुळवून द्यायला आणि बिघडलेले दुरुस्त करायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पुढचं सगळं आता पाठ आहे. ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकून झाला, विंडोज पुन्हा टाकून झालं, कुठल्यातरी व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, बदल करून झाले, आणि आता नवं कार्ड घ्यायचं चाललंय. दुखणं नेमकं कोणतं, हे मात्र कोणी बघितलेलं नसतं.

दुखणी तीन आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत. खेळता खेळता चित्र क्षणभर थबकतं, तो झटका, म्हणजे स्टटर. कॅमेरा पटकन फिरवला की चित्र आडवं कापल्यासारखं दिसतं, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे, ते स्क्रीन फाटणं, म्हणजे टेअरिंग. आणि तुमचा कॅमेरा छान फिरतोय, पण समोरचा खेळाडू मध्येच दहा पावलं उडून पुढे जातोय, तर ते नेटचं दुखणं. त्यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लावू नका, वायफाय सोडा आणि राउटरपासून लॅनची वायर ओढा.

चूक पहिली: सरासरी एफपीएसवर विसंबणं

सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात, म्हणून इथे जरा थांबते.

६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंदांनी आली असं धरा. बेरीज बरोबर एक सेकंद. कोपऱ्यातला आकडा ६० दाखवणार. पण त्या एका फ्रेमच्या वेळी ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढणारा, मॉनिटर तेच चित्र जवळजवळ सात वेळा दाखवत बसतो, आणि तुमच्या डोळ्याला तो झटका स्पष्ट कळतो. डोळा बरोबर असतो, आकडा अपुरा असतो.

म्हणून मी कोणताही पीसी हातात घेतला की आधी फ्रेमचा वेळ मोजणारा प्रोग्राम, रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर, टाकते. एमएसआय आफ्टरबर्नरबरोबर तो येतोच. त्यात फ्रेमटाइम, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ, आकड्याऐवजी आलेख म्हणून दिसेल असं करून घेते. रेघ सपाट असेल तर एफपीएस कमी असूनही गेम सुखाने खेळता येतो. रेघेला दात फुटलेले असतील, तर ते दात कधी आणि किती अंतराने येतात यावरच निम्मं निदान होतं.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. इचलकरंजीला असतो, बारावीची परीक्षा झाल्यावर मोकळा होता. गेम झटके मारतोय म्हणून त्याने तीनदा विंडोज टाकलं. मग जुनं कार्ड विकून, आजीने दिलेल्या पैशांत भर घालून १२ जीबीचं नवं कार्ड घेतलं. झटके जसेच्या तसे. तेव्हा कुठे मला फोन आला. “मावशी, कार्ड बदललं तरी तेच गं. आता प्रोसेसर बदलू का?”

“मी येईपर्यंत काहीच बदलू नकोस,” म्हटलं.

गेल्यावर त्याला गेम सुरू करायला लावला आणि गेममधल्या माणसाला एका भिंतीकडे तोंड करून उभा करायला सांगितलं. असं उभं राहिलं की गेमवरचा भार बदलत नाही. तरीही झटका आला, तर तो बाहेरून येतोय. आलेख बघत बसलो. रेघ ८ मिलिसेकंदांवर सपाट, आणि मध्येच ४० पर्यंत एक सुळका. पुन्हा सपाट, पुन्हा सुळका. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं: दर दोन सेकंदांनी एक. इतकं नेमाने कोणताही गेम अडखळत नाही. असं वागतं ते ठरावीक वेळाने जागं होणारं दुसरं सॉफ्टवेअर.

घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक केलं तर तिथे नऊ आयकॉन. एकेक बंद करत गेलो, प्रत्येक वेळी पुन्हा भिंतीसमोर अर्धा मिनिट उभे. पाचवं बंद केलं आणि सुळके थांबले. ते कीबोर्डच्या दिव्यांचे रंग बदलणारं सॉफ्टवेअर होतं. तापमानानुसार रंग बदलायचा म्हणून ते दर दोन सेकंदांनी मदरबोर्डावरचे सगळे सेन्सर वाचत होतं आणि त्या वाचनापायी गेमची फ्रेम अडून राहत होती. या कामाला वीस मिनिटं लागली. पोरगं गप्प झालं, मग म्हणालं, “म्हणजे आजीचे पैसे उगाच गेले?” मला फार वाईट वाटलं. कार्ड चांगलंच होतं, पण त्या दुखण्यावरचं ते औषध नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे: भिंतीसमोर उभं राहायचं, आलेख बघायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच सेटिंग एकदम फिरवलीत आणि गेम सुधारला, तरी कशाने सुधारला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चूक दुसरी: व्ही-सिंक चार ठिकाणी लावणं

मॉनिटर चित्र वरून खाली रेघारेघांनी काढतो. अर्धं काढून झालेलं असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, की वर जुनं आणि खाली नवं दिसतं. हेच टेअरिंग. व्ही-सिंक कार्डाला थांबवून ठेवतो: मॉनिटरचं चित्र पुरं होऊ दे, मग पुढची फ्रेम दे. गोम अशी की ६० हर्ट्झवर तुमच्या फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर ती गाडी चुकली. आता थेट ३३.३ ची गाडी. म्हणून साध्या व्ही-सिंकमध्ये कार्डाची ताकद किंचित कमी पडली की गेम ६० वरून धाडकन ३० वर येतो.

हे माहीत नसलं की लोक काय करतात? गेममध्ये व्ही-सिंक चालू, ड्रायव्हरमध्ये चालू, गेममधला फ्रेम लिमिट (एफपीएसची कमाल मर्यादा) ६० वर, वर रिव्हाट्यूनरचाही लिमिट. चार जण एकाच दोरीला चार बाजूंनी ओढतात. मग माउस जड लागतो आणि झटके वाढतात. लिमिट एकाच ठिकाणी लावा, सिंक एकाच ठिकाणी लावा.

मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (कार्डाची फ्रेम येईल तसा मॉनिटर आपला रिफ्रेश, म्हणजे चित्र काढायचा वेग, बदलतो ती सोय) असेल तर माझी मांडणी ठरलेली आहे: जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू, ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू, गेममध्ये बंद, आणि फ्रेम लिमिट मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा तीनने कमी. १४४ ला १४१, १६५ ला १६२. फ्रेम मॉनिटरच्या कमाल हर्ट्झला टेकल्या की बदलत्या रिफ्रेशचा उपयोग संपतो आणि व्ही-सिंकचं थांबवणं सुरू होतं, म्हणून ते तीन सोडायचे.

इथे एक जुना सल्ला अजून फिरतोय, की एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाला फ्रीसिंकचा मॉनिटर चालत नाही. २०१३ मध्ये जी-सिंक आला तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाने अडॅप्टिव्ह-सिंकचे, म्हणजे फ्रीसिंक ज्यावर चालतो त्या पद्धतीचे, मॉनिटर चालू दिले आहेत. जीटीएक्स १० सिरीज किंवा त्यानंतरचं कार्ड आणि डिस्प्लेपोर्टची केबल असली की झालं. फक्त मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेनूत फ्रीसिंक चालू आहे का ते आधी बघा, कितीतरी मॉनिटरांत ते बंदच असतं.

आणखी एक. स्वस्त ७५ हर्ट्झच्या मॉनिटरांत फ्रीसिंकचा पट्टा बहुतेकदा ४८ ते ७५ असतो. ४८ च्या खाली गेलात की सिंक सुटतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे एकच फ्रेम दोनदा दाखवून निभावून नेतो, ७५ च्या मॉनिटरला तेवढी जागा नसते. तेव्हा सावल्या, प्रतिबिंबं कमी करा आणि फ्रेम ४८ च्या वर ठेवा.

साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४५ एफपीएसचा हट्ट धरू नका. तीन फ्रेम चार रिफ्रेशमध्ये बसवायच्या, म्हणजे दर तिसरी फ्रेम दोनदा दिसणार, आणि चाल लंगडी होणार. त्यापेक्षा ३० वर लिमिट लावलेला गेम जास्त सरळ चालतो. पटत नसेल तर दहा मिनिटं खेळून बघा.

चूक तिसरी: शेडरचा पडदा ओलांडून पळणं

शेडर म्हणजे प्रकाश, सावल्या कशा काढायच्या हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम. नवे गेम पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ असं सांगून पाच-दहा मिनिटं थांबवतात. पोरांना तेवढाही धीर नसतो. पडदा टाळून आत शिरतात, आणि मग प्रत्येक नवा स्फोट, प्रत्येक नवी खोली पहिल्यांदा दिसताना झटका. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये (गेम कार्डाशी ज्यांतून बोलतो त्या पद्धती) ही तयारी वेळेवर करून ठेवायची जबाबदारी गेमवर आहे, ती त्याला करू द्या. चहा टाका, तोवर होईल.

याहून वाईट सल्ला म्हणजे रोज शेडर कॅश, म्हणजे तयार शेडरचा साठा, पुसून टाकायचा. पुसलात की तेच शेडर तुमचा पीसी पुन्हा बनवणार, आणि तेच झटके पुन्हा खाणार. ड्रायव्हर बदलल्यावरही पहिला तासभर हे होतं, तेव्हा लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

१४४ चा मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये तो ६० वरच चालू आहे. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः निवडावे लागतात.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय, कार्डाला नाही. कॅबिनेटच्या मागे वाकून एकदा बघाच.

जीटीएक्स १६५० सारखं ४ जीबीचं कार्ड आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर. कार्डाची मेमरी भरली की ओझं साध्या रॅमवर जातं आणि वळणावळणावर झटके बसतात. टेक्स्चर मीडियमवर आणा, बाकी सेटिंग तशीच राहू द्या.

लॅपटॉप बॅटरीवर ठेवून गेम खेळणं. चार्जर लावा.

‘गेम बूस्टर’ नावाचं काहीही. काढून टाका.

एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटांनंतरच झटके सुरू होत असतील तर प्रोसेसरचं तापमान बघा. साधारण ९५ अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. धूळ ब्रशने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून मगच ब्लोअर मारा.

आणि रॅम. १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. एका स्टिकवर प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो, आणि गर्दीच्या शहरात गाडी पळवताना ते लगेच जाणवतं. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायचं. नाहीतर ३२०० ची म्हणून पैसे मोजून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रांगत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर तो वेग लिहिलेला असतो. आज पीसी चालू केल्यावर आधी तेवढं बघून घ्या.