एथिक्स कमिटीकडून फाइल परत येऊ नये म्हणून

मी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या समितीची सदस्य सचिव आहे. मंजुरीच्या अर्जाची प्रत्येक फाइल आधी माझ्या टेबलावर येते, त्यामुळे कुठली अडकणार याचा अंदाज मीटिंगच्या आधीच येतो. संशोधनाचा विषय वाईट म्हणून फाइल क्वचितच अडकते. ज्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारणार तो मीटिंगला नसतो, त्याच्या वतीनं आम्ही कागद वाचत असतो. आणि बऱ्याच फायलींत हा माणूस कुठे सापडतच नाही.

आधी वेळेचं बघू. मागाहून मंजुरी मिळत नाही. डेटा गोळा झालाय, पेपर लिहून तयार आहे आणि आता जर्नल मंजुरी क्रमांक मागतंय, असं सांगत येणाऱ्यांना हात हलवत परत जावं लागतं. ‘पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) होता हो’ ही सबबही चालत नाही, पायलटमध्येही माणसंच उत्तरं देतात. तेव्हा कमिटीच्या मीटिंगची आणि फाइल द्यायची शेवटची तारीख विचारून घ्या आणि तिथून उलटं मोजत वेळापत्रक बांधा. मध्ये एक फेरी शंकांची होणारच, तिची जागा सोडा.

‘नुसता सर्व्हे आहे, त्याला मंजुरी कशाला’ हे तुम्ही ठरवायचं नसतं. बहुतेक ठिकाणी तीन वाटा असतात: निरुपद्रवी अभ्यासाला सूट, किरकोळ जोखमीच्या अभ्यासाचं एक-दोन सदस्यांकडून जलद परीक्षण आणि बाकी सगळं पूर्ण मीटिंगपुढे. सूट हवी असली तरी अर्ज करावाच लागतो. लहान मुलं, रुग्ण, कैदी किंवा तुम्हाला ‘नाही’ म्हणायला बिचकतील असे लोक असतील, तर पूर्ण मीटिंग धरूनच चाला.

तुमच्याच वर्गातले विद्यार्थी या शेवटच्या गटात येतात. फॉर्म वाटून ‘ऐच्छिक आहे हं’ असं सर म्हणाले, तर नाही कोण म्हणणार? यावर साधी सोय आहे. फॉर्म दुसऱ्या कुणीतरी वाटावेत, तुम्ही वर्गाबाहेर राहावं, भरलेला आणि कोरा दोन्ही फॉर्म घडी घालून एकाच पेटीत पडावेत. निकाल लागेपर्यंत कुणी भाग घेतला हे तुम्हाला कळू नये. भाग घेण्याचे गुण देणार असाल, तर न घेणाऱ्यालाही तेवढ्याच मेहनतीच्या दुसऱ्या कामाचे तेवढेच गुण मिळायला हवेत. अर्जात हे सगळं लिहा, आम्हाला मनातलं वाचता येत नाही.

आता संमतीपत्र. निम्म्या फायलींत मला हे वाक्य भेटतं: ‘मला सदर अभ्यासाचे उद्दिष्ट, कार्यपद्धती व संभाव्य जोखीम यांची संपूर्ण जाणीव करून देण्यात आली असून मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.’ यातून सही करणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आम्ही तुम्हाला साधारण चाळीस मिनिटं प्रश्न विचारू. काही प्रश्न घरातल्या भांडणांबद्दल आहेत. नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. मधेच थांबावंसं वाटलं तर कारण न सांगता थांबा, तुमच्या उपचारांवर त्याचा काहीही परिणाम होणार नाही.’ रेकॉर्डिंगसाठी वेगळी ‘हो/नाही’ची चौकट ठेवा. दिलेली माहिती कधीपर्यंत मागे घेता येईल तेही सांगा. निनावी फॉर्म एकदा पाठवला की त्यातून कुणाचं उत्तर शोधून काढता येत नाही, तेव्हा ‘केव्हाही मागे घेऊ शकता’ असं खोटं आश्वासन देऊ नका. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, पण मूलही तयार असलं पाहिजे. ते नको म्हणालं, तर विषय संपला.

हा नसता उपद्व्याप वाटतो त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा आजार डॉक्टर नुसता नोंदवत बसले. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, आल्यावरही ते दिलं नाही. नेमकं काय चाललंय हे त्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते उघडकीला आल्यावर तिकडे कायदा झाला, १९७९ साली माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणारा बेलमाँट अहवाल आला आणि आज तुम्ही भरता त्या फॉर्ममधले बरेच प्रश्न त्याच वळणाचे आहेत.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती ‘जोखीम’ या रकान्यावर, आणि तिथेच लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणून मानसशास्त्राच्या प्रकल्पांत ती हमखास असते. तिचा नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तुमच्या निनावी ऑनलाइन फॉर्ममध्ये रात्री अडीच वाजता कुणीतरी त्यावर ३ दिला. तुम्ही तो कधी बघणार? बघितला तरी पोचणार कुणाकडे? मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारला की समोरचा गाइडकडे बघतो आणि गाइड छताकडे. उत्तरं दोन. एक, तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ वापरा, बऱ्याच अभ्यासांचं तेवढ्यावर भागतं. दुसरं, तो प्रश्न हवाच असेल तर फॉर्म निनावी ठेवू नका. उत्तरं रोज कोण तपासणार, किती वेळात संपर्क करणार आणि कुठल्या समुपदेशकाने हे काम लेखी स्वीकारलंय ते लिहा. शेवटी एक हेल्पलाइन नंबर चिकटवला म्हणजे योजना झाली असं नाही.

‘माहिती गोपनीय राहील’ हे वाक्यही असंच पोकळ. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग चालू आहे का, आधी बघा. नाव काढलं की माणूस लपतो असंही नाही. पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक नेमके ओळखता येऊ शकतात, असा अंदाज संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला होता. जन्मतारखेची गरज नसेल तर वयोगट विचारा. नावं आणि सांकेतिक क्रमांकांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवा आणि ती कोण, कधी नष्ट करणार ते लिहा.

प्रश्नावली, माहितीपत्रक, भरतीचा व्हॉट्सॲप मेसेज, सगळं फायलीत हवं. शाळेत किंवा दवाखान्यात जाणार असाल तर तिथल्या प्रमुखांचं पत्रही जोडा. मात्र ते पत्र म्हणजे एथिक्सची मंजुरी नव्हे. प्रत्येक पानाखाली आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, मंजुरी त्या आवृत्तीलाच मिळते.

शंका आल्या तर रागावू नका. प्रत्येक शंकेखाली उत्तर, बदल कुठल्या पानावर केला आणि बदललेला मजकूर रंगवलेला, असं परत पाठवा. ‘आवश्यक ते बदल केले आहेत’ एवढंच लिहिलेलं पत्र मी पुढे पाठवत नाही. एखादी सूचना पटली नाही तर कारण देऊन तसं सांगा, कमिटी ऐकते.

मंजुरीनंतर एक प्रश्न जरी वाढवायचा असेल, तर वापरण्याआधी दुरुस्तीचा अर्ज करा. कुणाला त्रास झाला, डेटा असलेला लॅपटॉप चोरीला गेला, तर त्याच दिवशी कळवा. पत्रावर मुदत असते, ती संपायच्या आधी नूतनीकरण मागा. काम संपल्यावर समाप्ती अहवाल द्या. एक-दोन पानं पुरतात, पण तो आला नाही की फाइल माझ्याकडे उघडीच राहते, आणि मग मी तुम्हाला फोन करत बसते.