पडक्या वाड्याचे फोटो काढायचेत? आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचारा

माझा पहिला वाडा मी न विचारता काढला. बार्शीकडचं एक गाव, रस्त्यावरून दिसणारा मोठा दगडी दरवाजा, एक फळी निखळलेली, आणि टपरीवर चहा पिताना एवढंच कळलं की मालक पुण्याला असतात, इकडे कुणी येत नाही. तेवढ्यावर मी आत शिरलो. चौकात सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं, मी कॅमेरा डोळ्याला लावून एक एक पाऊल मागे सरकत होतो, सोपा (चौकाभोवतीची ओसरी) आणि वरची पडलेली माडी एका फ्रेममध्ये बसवायला, आणि मागून कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं की मी जागच्या जागी थांबलो. "आरं ए लेकरा, हाय तितंच थांब, मागं पेव हाय!" शेजारच्या घरातल्या आजी होत्या. मागे वळून पाहिलं तर माझ्या टाचेपासून दोन हातांवर जमीन खचलेली, वर वाळका पाला साचलेला, दिसायला अगदी सपाट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारीची पेवं असायची, सांगलीजवळ हरिपूरला हळदीची होती आणि २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. तोंडावर दगड, दगडावर माती, आणि घर रिकामं झालं की वीस-तीस वर्षांत ते कुठे होतं हे फक्त गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतं. बंद पेवात हवा खराब असते, जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची, विझला तर कुणी उतरायचं नाही. आपण तर उतरायचंच नाही, कंदील असो की टॉर्च.

त्या आजींनी मला शिव्या दिल्या नाहीत, पाणी दिलं आणि विचारलं, "इचारलं आस्तं तर म्या दावलं नसतं व्हय?" त्या दिवसापासून मी परमिशनकडे कागद म्हणून बघत नाही. ज्या माणसाकडे किल्ली असते त्यालाच माहीत असतं कुठली पायरी गेलीय, आड कुठे आहे, मागच्या पावसात कुठली भिंत बसली. परवानगी मागायला गेलात की ही सगळी माहिती आपोआप मिळते, आणि न विचारता गेलात तर त्याच वास्तूत तुम्ही आंधळे असता.

आता मालक शोधायचा कसा. गावात असाल तर आधी ग्रामपंचायतीत जा, तिथे नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर असतं, त्यात नाव सापडतं. लोक सातबारा सातबारा करतात पण तो शेतजमिनीचा, गावठाणातल्या घराला तो नसतो. शहरात असेल तर नगर भूमापन ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली त्यामुळे बऱ्याच गावांतल्या घरांनाही आता प्रॉपर्टी कार्ड मिळतंय. पण खरं सांगू का, कागदापेक्षा किराणा दुकान आणि देवळातला पुजारी लवकर पत्ता देतात, कागद फक्त खात्री करायला.

आणि कागदावर एक नाव नसतंच, सात असतात. चार भाऊ, दोन बहिणी, एक चुलती, कुणी पुण्यात कुणी अमेरिकेत. अशा वेळी मी ज्याच्याकडे किल्ली आहे त्याची परवानगी घेतो आणि त्यालाच सांगतो की काका, तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा मेसेज टाका, कुणाची हरकत असेल तर मी येत नाही. एकदा असाच मेसेज टाकल्यावर धाकट्या भावाचा फोन आला, म्हणाले मॅटर कोर्टात आहे, कृपया नको. मी गेलो नाही. वाटणीचा दावा चालू असताना तुमचा फोटो उद्या कुणाच्या तरी बाजूचा पुरावा म्हणून फिरतो आणि तुम्ही भाऊबंदकीच्या मध्ये उभे राहता. गोव्यातल्या बंद घरांबाबतही हेच, तिथे पोर्तुगीज कायद्यातून आलेला वारसाहक्काचा कायदा आहे, सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या नवराबायकोच्या सह्या जुळल्याशिवाय घर सहसा विकता येत नाही, म्हणून इतकी देखणी घरं कुलूपबंद पडून आहेत. कुलूप दिसलं म्हणजे घर बेवारस नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ आहे, आधी आयपीसीत ४४१, ४४७, ४४८ होतं तेच. गुन्हेगारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद, घरात शिरून केलं तर एक वर्षापर्यंत, किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्यात हेतू बघतात, गुन्हा करायचा किंवा मालकाला त्रास द्यायचा हेतू होता का, पण तो हेतू नव्हता हे सांगत पोलीस स्टेशनच्या बाकावर दिवस घालवायची कुणाला हौस नसते. रेल्वेच्या हद्दीतलं जुनं स्टेशन, क्वार्टर, गोडाऊन असेल तर रेल्वेचा वेगळा कायदा लागतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात साधा फोटो चालतो पण ट्रायपॉड किंवा लाईट लावायचा तर आधी परवानगी लागते, म्हणून आपली वास्तू केंद्राच्या यादीत आहे, राज्याच्या आहे की कुणाच्याच नाही ते आधी बघून घ्या.

मी मालकाला जे देतो ते एक पान असतं, मराठीत, हाताने लिहिलेलं. माझं नाव, फोन, कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सोबत कोण, फोटोंचं काय करणार, विकणार असेन तर तेही स्पष्ट, आणि आत मला काही झालं तर जबाबदारी माझी. खाली त्यांची सही किंवा व्हॉट्सॲपवर "हो, चालेल" एवढं लिहून घेतो. बघितल्यावर मोठी माणसं एकदम निवांत होतात, कारण त्यांची खरी भीती "पोरगं पडलं तर आमच्या गळ्यात येईल" हीच असते.

गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवणं मी कधीच चुकवत नाही. का, तर पडका वाडा, टॉर्च, काळी बॅग आणि अनोळखी माणूस म्हटलं की गावाच्या मनात पहिलं येतं गुप्तधन. दुसरं म्हणजे अफवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं, ती पाचही माणसं भिक्षा मागून पोट भरणारी होती. हे आठवलं की गावात शिरल्यावर दहा मिनिटं पारावर बसून आपण कोण, कशाला आलोय हे सांगायला मला कधीच जड जात नाही.

आता वास्तूबद्दल, कारण इथेच नवीन मुलं फसतात. माळवदाचं घर म्हणजे तुळया, त्यावर आडव्या फळ्या-काटक्या, वर पाला आणि त्यावर फूटभर पांढरी माती. दर वर्षी पावसाच्या आधी वर नवी माती टाकायची पद्धत, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांत छपराचं वजन भयंकर वाढलेलं असतं. घर नांदतं असताना साण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, धूर जायचा, वाळवी लागत नव्हती, माणसं रोज वर बघायची. कुलूप लागलं की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. खालून तुळई शाबूत दिसते, रंगसुद्धा टिकलेला असतो. म्हणून माळवदावर चढायचं नाही, त्याच्या बरोब्बर खाली मधोमध उभं राहायचं नाही, फोटो दाराच्या चौकटीत उभं राहून घ्यायचा. लाकडी जिन्याचं तर नावच काढू नका. भिंतीवर ताजी उभी भेग, भिंतीला आलेलं पोट, जमिनीवर नुकती पडलेली कोरडी माती, यातलं एक जरी दिसलं तरी मी बाहेर येतो.

पाऊस पडताना भिंती पडतात हे सगळ्यांना माहीत असतं पण पाऊस उघडून चार दिवस ऊन पडल्यावरही पडतात, भिजलेली माती वाळताना सुटते. जून ते ऑक्टोबर मी जातच नाही. ऑक्टोबरमध्ये हिरवळ सुंदर दिसते, मान्य, पण त्याच गवतात आड झाकलेला असतो आणि त्याच गवतात घोणस असते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सापाइतकंच, खरं तर जास्त, मी आग्या मोहोळाला घाबरतो. उंच कमानीखाली, सज्जाखाली असतं. पहिलं काम मान वर करून बघणं, आणि मोहोळ दिसलं तर आत जाणं रद्द. अत्तर, डिओ लावून जायचं नाही, फ्लॅश नाही, ड्रोन तर अजिबात नाही. कबुतरांची आणि वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत एन-९५ मास्क लागतोच, ती वाळलेली धूळ फुप्फुसात गेली तर आजार होतात, रुमाल बांधून भागत नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तुटलेल्या पत्र्यांचा ढीग हलवायचा नाही. जाड सोलचे बूट, फुल पॅन्ट, दोन टॉर्च, पाणी, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या. हात कोनाड्यात, दिवळीत घालायचा नाही, कितीही सुंदर असली तरी.

मुंबईच्या मुलांना गिरण्यांचं वेड असतं, मला समजतं ते, माझे मामा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे एकेक करून चिमण्या थंड झाल्या. त्या शेड्समध्ये काय प्रकाश असतो, उत्तरेकडे तोंड केलेली करवतीसारखी छपरं, सूत तपासायला सावली नको म्हणून बांधलेली. पण गिरणी ही वाड्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिथे कुणीतरी मालक नक्की असतो, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, खासगी कंपनी किंवा बिल्डर, आणि परवानगी लेखीच लागते, वॉचमनच्या हातावर शंभर रुपये ठेवणं म्हणजे परवानगी नव्हे. ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये कामासाठी फोटो काढायला गेलेल्या एका तरुण फोटोजर्नलिस्टवर सामूहिक बलात्कार झाला, सोबत सहकारी असूनसुद्धा. त्यात तिची काहीही चूक नव्हती, हे मी प्रत्येक वेळी आधी सांगतो. आम्ही तेव्हापासून शहरातल्या बंद आवारात मालकाने दिलेला माणूस बरोबर असल्याशिवाय जात नाही, चार जणांच्या खाली जात नाही, आणि बाहेर एक जण थांबतो ज्याच्याकडे आमचं लाईव्ह लोकेशन आणि ठरलेली वेळ असते. महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची, सी-१ ची यादी काढते, त्यात नाव असलेल्या बिल्डिंगमध्ये परवानगी मिळाली तरी पाऊल टाकू नका, रस्त्यावरून काढा.

काही जागा मी परवानगी मिळूनही काढल्या नाहीत. जुनं किल्लारी त्यातलं एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिथे घरं झोपलेल्या माणसांवर पडली. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, एका गृहस्थांनी स्वतःच्या घराची जागा दाखवली, कोण कुठे झोपलं होतं ते सांगितलं, आणि कॅमेरा बॅगेतून निघाला नाही. तुम्ही कदाचित काढाल, चूक म्हणणार नाही, पण पडझड नुसती "टेक्स्चर" म्हणून बघायची सवय लागते आणि ती लागू देऊ नका.

कॅमेऱ्याचं आता शेवटी, कारण ते सगळ्यात सोपं आहे. कुठलाही चालतो. अंधाऱ्या खोलीत दारातून ऊन येत असतं, एका फोटोत दोन्ही मावत नाही, म्हणून ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, आणि एकाच फ्रेमचे तीन किंवा पाच वेगवेगळे एक्स्पोजर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो, नंतर एकत्र जुळवायला. लेन्स वाईड पण फार वाईड नको, खांब वाकडे होतात. चालताना कॅमेरा डोळ्याला नाही, हा नियम मी पेवाच्या दिवशी केला, आधी नुसतं फिरून या, जागा ठरवा, मग कॅमेरा काढा. काही हलवू नका, काही उचलू नका, देव्हाऱ्यातला फुटका टाकसुद्धा जिथे आहे तिथेच. आणि भागांची नावं घरच्या माणसांकडून विचारून लिहून घ्या, देवडी, सोपा, बळद, परडं, एकाच वस्तूला दोन तालुक्यांत दोन नावं असतात आणि ती नावं वाड्याच्याही आधी नाहीशी होत चाललीत.

फोटो टाकताना जीपीएस काढून टाका, गावाचं नावही मी बहुतेक वेळा लिहित नाही. कोरीव खांब, गणेशपट्टी, दाराच्या कड्या रातोरात उचलून नेणारे लोक असेच फोटो बघून येतात. प्रिंट मात्र मालकांना द्याच, मोठी, चांगल्या कागदावर. साताऱ्याकडच्या एका काकूंना मी दिली होती, तीन वर्षांनी त्यांचा फोन आला, दाराची कोरीव चौकट चोरीला गेली, तक्रार द्यायचीय, पोलीस विचारतात कशी दिसत होती, आणि घरात तिचा दुसरा एकही फोटो नाही. त्याच रात्री मी सगळ्या मूळ फाईली पाठवल्या, उजव्या बाजूच्या मोराच्या मानेवर एक जुना तडा होता तो मोठा करून वेगळा पाठवला, म्हटलं काकू, चौकट कुठे सापडलीच तर आधी हा तडा बघायला सांगा.